फोर्ट कोची–मट्टांचेरी: आधी वार बघा, मग होडी

ओहोटी (धागाकर्ती)

केरळच्या सहलीत कोचीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. तोही मुन्नारला जायच्या आधीचा नाहीतर विमान पकडायच्या दिवशी उरलेला. मग गाडीवाला दोन वाजता मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी सोडतो, ऊन डोक्यावर, जाळी वर टांगलेली, राजवाडा बंद, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बंद. परत आल्यावर 'कोचीत काही नाही' असा निकाल लागतो. या धाग्यात फक्त जुन्या बंदराच्या वस्तीबद्दल लिहू. बॅकवॉटर, हाउसबोट, मुन्नार यांचे धागे वेगळे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टांचेरी या दोन वस्त्या आहेत. फोर्ट कोची द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला, समुद्राच्या तोंडाशी. तिथे पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये किल्ला बांधायला घेतला, १६६३ मध्ये तो डचांनी घेतला, १७९५ मध्ये इंग्रजांनी. किल्ला आता जवळजवळ नाहीच, नावापुरता उरलाय. मट्टांचेरी तिथून अडीच-तीन किलोमीटर आग्नेयेला, खाडीच्या बाजूला. राजाचा वाडा, ज्यू वस्ती, मसाल्याची गोदामं, गुजराती, कच्छी, कोकणी, तमिळ लोकांच्या गल्ल्या, सगळं तिथे. एकीकडे सत्ता बसली आणि दुसरीकडे व्यापार. दोन्हींचा वेग वेगळा आणि बंद असायचे वारही वेगळे.

वारांचा हिशोब असा:

शुक्रवारी मट्टांचेरी राजवाडा (डच पॅलेस) बंद. शनिवारी शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) म्हणून परदेशी सिनेगॉग बंद. शुक्रवारीही सिनेगॉग धरून चालू नका, कारण शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो. ज्यूंच्या सणांनाही बंद, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे सण एकापाठोपाठ येतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, त्यामुळे बघायला म्हणून आत जाणं दुपारपर्यंत लांबतं, आणि बाझार रोडवरची गोदामंही बंद. सोमवारी इंडो-पोर्तुगीज संग्रहालय आणि नौदलाचं संग्रहालय बंद.

राहिले मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिकिटं काढायच्या आधी एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

डोलकाठी

छान सुरुवात. पोचायचं कसं ते मी लिहितो.

रेल्वेने येणाऱ्यांनी एर्नाकुलम जंक्शनचं (साउथ) तिकीट काढावं. मुंबईहून नेत्रावती, आणि नाशिक-कल्याण-पनवेलकडच्यांना मंगला. दोन्ही कोकण रेल्वेवरून जातात. पुण्याहून पूर्णा आहे, पण आठवड्यातून एकदाच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात आणि सुटायच्या वेळाही बदलतात. तिकीट आधी काढलेलं असेल तर निघायच्या आठवड्यात वेळ परत तपासा. परतीच्या गाड्यांत हा घोळ जास्त होतो.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला गाडीने जाऊ नका. विलिंग्डन बेट आणि तोप्पुंपडीच्या पुलांवरून जावं लागतं आणि संध्याकाळी तिथे तासभर सहज जातो. पाण्यावरून वीस-पंचवीस मिनिटं. पर्याय दोन:

१) राज्य जलवाहतूक खात्याची साधी बोट. एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेट्टीवरून सुटते, फोर्ट कोचीत कमालकडवूच्या कस्टम्स जेट्टीला लागते. तिकीट दहा रुपयांच्या आतलं. सुटे पैसे ठेवा. खिडक्या उघड्या, वारा भरपूर, बंदराचं दृश्य याच बोटीतून चांगलं दिसतं.

२) वॉटर मेट्रो. हायकोर्ट टर्मिनलवरून. सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीपर्यंत २०२४ मध्ये आली. बॅटरीवर चालणारी वातानुकूलित बोट, सुरू झाली तेव्हा फोर्ट कोचीचं तिकीट ४० रुपये होतं.

गडबड होते ती दुसऱ्या पर्यायात. बोटीची क्षमता शंभर माणसांची, आणि फाटकावर मोजून आत सोडतात, एकही जास्त नाही. शनिवार-रविवार आणि नाताळच्या सुट्टीत संध्याकाळी फोर्ट कोचीहून परतायला मोठी रांग लागते. अशा दिवशी परत येताना शेजारच्याच जेट्टीवरून साधी बोट पकडा. दोन्ही जेट्ट्या चालत काही मिनिटांवर आहेत आणि तरी लोक तासभर वॉटर मेट्रोच्या रांगेत उभे असतात.

आणखी एक. हायकोर्ट टर्मिनल आणि बोट जेट्टी ही एकच जागा नव्हे. रिक्षावाल्याला नुसतं 'जेट्टी' म्हटलं तर तो मुख्य बोट जेट्टीवर नेतो. मेट्रोने येणार असाल तर एमजी रोड स्थानकाला उतरून पुढे रिक्षा, हायकोर्ट टर्मिनल दीड-दोन किलोमीटर पडतं.

सुगरणीचा खोपा

वयस्कर माणसं सोबत असतील तर कोणती बोट? आईचे गुडघे दुखतात.

डोलकाठी

निःशंक वॉटर मेट्रो. तिचा धक्का तरंगता आहे, बोटीच्या फळीच्या पातळीला राहतो. चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते. साध्या बोटीत धक्का आणि काठ यांत फट असते आणि बोट हलत असते, एक पाय टाकून चढावं लागतं. राजवाड्यात मात्र जिन्याला पर्याय नाही, दालनं वरच्या मजल्यावर आहेत. सिनेगॉगमध्ये पायऱ्या थोड्याच, पण चपला बाहेर काढाव्या लागतात. बसून काढायच्या असतील तर घाई नको.

मीठमिरी

ओहोटीताई, वारांचा तक्ता बरोबर, पण घड्याळही लिहा. सिनेगॉग सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते पाच. मधले दोन तास दार बंद. बहुतेक लोक नेमके त्याच दोन तासांत मट्टांचेरीला पोचतात, कारण सकाळ फोर्ट कोचीत घालवलेली असते आणि जेवण उरकून 'आता ज्यू टाउन' असं ठरतं.

माझ्या मते क्रम उलटा करावा. दहाच्या ठोक्याला सिनेगॉगच्या दारात. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर राजवाडा. मग जेवण. ऊन कलल्यावर बाझार रोडने फोर्ट कोची, चारनंतर चर्च, शेवटी जाळ्यांपाशी सूर्यास्त.

ओहोटी

क्रम पटतोय, पण मग जाळी चालू असताना दिसायची नाहीत. पहाटे सहा ते नऊ हीच वेळ. संध्याकाळी बरेचदा नुसतं पर्यटकांसाठी एखादं जाळं खालीवर होतं.

मीठमिरी

म्हणूनच एक रात्र फोर्ट कोचीतच राहावं. प्रिन्सेस स्ट्रीट, रोज स्ट्रीट, पीटर सेली स्ट्रीट या गल्ल्यांत घरगुती राहण्याच्या जागा भरपूर आहेत. एर्नाकुलमला हॉटेल घेतलं की पहाटही हुकते आणि रात्रही. संध्याकाळी सात-साडेसातनंतर दिवसाचे पाहुणे निघून गेले की गाव एकदम शांत होतं.

वल्हं

जाळ्यांबद्दल थोडं तपशिलात, कारण 'चिनी जाळी' म्हणून फोटो काढून लोक पुढे जातात आणि यंत्र बघायचं राहून जातं.

मल्याळीत 'चीनवला'. काठावर बसवलेली मोठी तराजूच म्हणायची. एका टोकाला लाकडी आणि बांबूच्या चार वाकलेल्या काठ्यांत ताणलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. उंची दहा मीटर किंवा त्याहून जास्त, जाळ्याचा पसारा वीस मीटरच्या घरातला. वजनाचा तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला तरी जाळं पाण्यात उतरतं. वर काढायला मात्र चार ते सहा जण दोर ओढतात. दगड वेगवेगळ्या लांबीच्या दोरांवर असतात ते उगाच नाही. जाळं वर येत जातं तसे ते एकेक करून जमिनीला टेकतात आणि तोल जाळ्याच्या उंचीप्रमाणे बदलत राहतो. जाळं पाण्यात राहतं ते काही मिनिटंच, मग वर. एका खेपेला मासे थोडेच, म्हणून खेपा खूप.

ही जाळी कुणी आणली यावर दोन मतं आहेत. रूढ समजूत अशी की चौदाव्या-पंधराव्या शतकात चिनी व्यापाऱ्यांबरोबर आली. दुसरं मत, पोर्तुगीजांनी मकावहून आणली. भागांची काही नावं (ब्रासु, सवाया, कलसांती) पोर्तुगीज वळणाची आहेत, हा दुसऱ्या मताचा आधार.

मुंबईकरांसाठी एक सूचना. आपल्याकडे भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, कोचीत तो जेमतेम मीटरभर. त्यामुळे 'ओहोटीला किनारा उघडा पडेल, खाली उतरू' असा हिशोब इथे लागू नाही. पण अख्ख्या वेंबनाड जलाशयाचं पाणी याच अरुंद तोंडातून आत-बाहेर होतं, त्यामुळे प्रवाह जोरदार असतो. मोठी जहाजं इथूनच जातात. पोहायला मुळीच उतरू नका. फोर्ट कोचीचा 'बीच' हा चालायचा आहे, त्यात काठावर दगड टाकलेले. पावसाळ्यात आणि त्यानंतर आतल्या कालव्यांतली जलपर्णी वाहत येऊन काठाला साचते, तेव्हा वासही येतो.

जाळं ओढायला बोलावतात तेव्हा ते फुकट नसतं. आधी किती ते विचारा, पन्नास-शंभरात तोंडी ठरवा, मग दोर धरा. आणि व्हास्को स्क्वेअरजवळ गंजलेली मोठी नळकांडी पडलेली दिसतील, तिथे लोक 'पोर्तुगीज तोफ' म्हणून पोरांना उभं करून फोटो काढतात. ते इंग्रजांच्या काळातले वाफेचे बॉयलर आहेत.

चिंचगूळ

जाळ्यांशेजारच्या माशांच्या गाड्यांबद्दल: 'ताजं, आत्ता जाळ्यातून काढलेलं' ही जाहिरात. जाळ्यांत येणारी मासळी छोटी आणि थोडी. गाड्यांवरचे मोठे सुरमई, पापलेट, टायगर कोळंबी बंदरावरून येतात. वाईट असतात असं नाही, पण बर्फ किती आहे ते बघा. आपण कोकणातली माणसं, कल्ले उघडून बघायला सांगायची गरज नाही.

पद्धत अशी की मासे गाडीवर विकत घ्यायचे आणि जवळच्या खानावळीत भाजून घ्यायचे. भाव किलोवर, शिजवणावळ वेगळी. तीन गोष्टी आधी ठरवा: वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, शिजवणावळ माशावर की माणसावर, आणि तुमचाच मासा तव्यावर जातोय ना. भांडण होतं ते पहिल्या मुद्द्यावर. एक किलो पापलेट साफ होऊन पाऊण किलोच्या आसपास येतं आणि मग 'फसवलं' वाटतं.

दुपारच्या बिर्याणीसाठी मट्टांचेरीतली कायीज प्रसिद्ध आहे. मलबारी पद्धतीची, बारीक कैमा तांदळाची, आपल्या बासमतीच्या बिर्याणीची अपेक्षा ठेवू नका. उशिरा गेलात तर संपलेली असते.

तुळशीवृंदावन

शाकाहारींसाठी? की उपाशी?

चिंचगूळ

उलट मट्टांचेरीत शाकाहारींची चैन आहे, फक्त ज्यू टाउनच्या कॅफेंत बसून राहू नका. गुजराती रोडवर फरसाण-मिठाईची दुकानं. चेरळाई आणि अमरावतीकडे गौड सारस्वत वस्ती, तिथे छोट्या शाकाहारी खानावळी. मागच्या गल्लीत तमिळ इडली-डोसा. गुजराती रोडवरच्या धर्मनाथ जैन मंदिरात दुपारी बाराच्या सुमारास कबुतरांना दाणे टाकतात, हवं तर ते बघून तिथेच जेवणाची सोय करा.

पोथीपंडित

सारस्वतांचा विषय निघालाच आहे तर चेरळाईबद्दल लिहितो, कारण मराठी माणसाला कोचीत सगळ्यात जवळचं काही असेल तर ते इथे आहे, आणि सहलीच्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

सोळाव्या शतकात गोव्यात देवळं पाडली गेली तेव्हा बरीच सारस्वत कुटुंबं दक्षिणेला गेली, त्यातली काही कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली. चेरळाईतलं तिरुमल देवस्वम हे त्यांचं मुख्य मंदिर, देव व्यंकटाचलपती. घरात आजही कोकणी बोलतात. मल्याळी वळण चढलेली असली तरी मालवणी-गोव्याकडच्या माणसाला बरीचशी कळते. केरळातल्या बऱ्याच देवळांप्रमाणे पुरुषांना शर्ट काढावा लागतो. अर्ध्या चड्डीत जाऊ नका, दुपारी मंदिर बंद असतं.

आता खरी गंमत. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने कोचीत बसून मलबारातल्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवला, 'होर्तुस मलबारिकुस'. अॅम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ मध्ये छापला, ७४२ वनस्पती. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य यांनी त्याला माहिती पुरवली. या तिघांचं कोकणीतलं प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलंय. चित्रांवरही वनस्पतींची नावं लॅटिन, मल्याळम, अरबी आणि नागरीत आहेत. म्हणजे १६७८ मध्ये युरोपात छापलेली नागरी अक्षरं, आणि ती लिहिणारी माणसं मूळची गोव्याकडची.

फोर्ट कोचीत बॅस्टियन बंगला आहे. डचांनी १६६७ मध्ये जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर बांधलेला. तिथे जाल तेव्हा हे लक्षात असू द्या, नाहीतर ती एक पिवळी इमारत एवढंच उरतं.

मीठमिरी

वा! हे माहीत नव्हतं. सिनेगॉग आणि वाड्यावरही लिहा की पंडितजी.

पोथीपंडित

वाडा आधी. नाव डच पॅलेस, बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, राजा वीर केरळ वर्मा याला भेट म्हणून. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. बाहेरून साधा, कौलारू, मधे चौक आणि चौकात पळयन्नूर भगवतीचं देऊळ. बघायचं ते राजाच्या शयनगृहातलं, 'पळ्ळियरा'. चारही भिंतींवर रामायणाची चित्रं, जवळजवळ छतापर्यंत. लोक आत शिरून मध्यभागी उभे राहतात, एक फेरा मारतात आणि बाहेर. तसं करू नका. एका भिंतीपाशी थांबून कथा ओळीने लावायचा प्रयत्न करा. दोन प्रसंगांच्या मधे रिकामी जागा जवळजवळ नाहीच, एक संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, म्हणून घाईत काही उमगत नाही. खालच्या मजल्यावर गोवर्धनधारी कृष्ण आणि शिव-पार्वतीची चित्रं आहेत, ती वेगळ्या हाताची आणि नंतरची. दिवे मंद असतात, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या.

पायाखालीही बघा. काळ्या संगमरवरासारखी चकचकीत जमीन दिसते. ती नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, चुना, वनस्पतींचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्या मिश्रणाची आहे.

सिनेगॉग १५६८ चं. 'परदेशी' सिनेगॉग हे नाव मराठी माणसाला समजवावं लागत नाही. स्पेन, पोर्तुगाल वगैरे भागांतून नंतर आलेल्या ज्यूंनी बांधलं म्हणून परदेशी. आधीपासून असलेल्या मलबारी ज्यूंची सिनेगॉग वेगळी होती. मट्टांचेरीतल्याच कडवुंभागम सिनेगॉगचा आतला लाकडी साज आता जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. परदेशी सिनेगॉगच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या हाती रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, अठराव्या शतकातल्या, इझेकिएल रहाबी या व्यापाऱ्याने बसवलेल्या. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० चा, तोही त्याचाच. खाली बघत चला, फरशा एकीसारखी एक नाहीत.

एक खुलासा, कारण हा गोंधळ दर वेळी होतो. कोचीचे ज्यू आणि आपल्या रायगड-अलिबागकडचे बेने इस्रायल हे दोन स्वतंत्र समाज. आपले 'शनिवार तेली', मराठी बोलणारे. कोचीचे मल्याळी बोलणारे, व्यापारी. १९४८ नंतर कोचीचे बहुतेक इस्रायलला गेले, ज्यू टाउनमध्ये आता नावाचीच वस्ती उरली आहे. गल्लीतल्या 'ज्यूंच्या घरातली वस्तू' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाकडे त्या नजरेने बघा.

जुनापुराणा

शेवटच्या वाक्याला दुजोरा. ज्यू टाउनच्या दुकानांतल्या 'पुरातन' वस्तूंतल्या बहुतेक नव्या असतात, मुद्दाम जुन्या केलेल्या. लाकडाला तेल-काजळी, पितळेला आम्ल. ओळखायचं तर झिजेकडे बघा. जुन्या उरळीचे (धातूच्या पसरट भांड्याचे) कान आणि तळ झिजलेले असतात, कारण हात आणि चूल तिथेच लागतात. सगळीकडे सारखीच काळी असेल तर ती काळी केलेली.

आणि खरंच शंभर वर्षांपलीकडची असेल तर परदेशातल्या भाचीसाठी घेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. दुकानदार 'सर्टिफिकेट देतो' म्हणतो ते वस्तू जुनी नसल्याचं असेल तरच कामाचं. म्हणजे 'शंभर टक्के अँटिक' आणि 'विमानतळावर चालेल' ही दोन्ही आश्वासनं एकाच दुकानात एकाच वस्तूवर मिळाली तर त्यातलं एक खोटं आहे.

मसालेदार

आता माझा प्रांत. ज्यू टाउनच्या तोंडावरच्या सजवलेल्या दुकानांत मसाला घेऊ नका, बाझार रोडवर आत शिरा. सकाळी साडेदहा ते एक हमालांची आणि टेंपोंची वर्दळ असते, कडेने चाला. सुंठेचा वास नाकात बसतो.

मिरी: दाण्याच्या आकारावर प्रत ठरते. 'तलश्शेरी' हे नाव मोठ्या, पूर्ण पिकलेल्या दाण्याला लावतात, सव्वाचार मिलिमीटरच्या वर, आणि खास प्रत पावणेपाचच्या वर. दुकानदार सगळ्यालाच तलश्शेरी म्हणतो. मूठभर हातात घेऊन बघा, दाणे सारखे आणि जड हवेत. भेसळ पपईच्या बियांची. थोडे दाणे पाण्यात टाका, मिरी बुडते, पपईचं बी तरंगतं. पोकळ मिरीही तरंगते, म्हणून तरंगलेले दाणे दाबून बघा. बी लांबट आणि हिरवट-तपकिरी असतं, तिखटपणा शून्य.

सुंठ: पांढरीशुभ्र असेल तर चुना लावलेली. कीड लागू नये म्हणून लावतात, पण घरच्या वापराला मातकट रंगाची, मोडल्यावर धागे दिसणारी घ्या.

दालचिनी: पातळ कागदासारख्या पापुद्र्यांची सुरळी ती खरी. जाड, एकाच थराची, कडक साल म्हणजे कॅसिया. स्वस्त म्हणून हीच पुढे करतात. मटणाच्या रश्श्याला चालते, पण दालचिनीच्या भावात घेऊ नका.

वेलची: हिरवा रंग गडद आणि एकसारखा असला तर शंका घ्या. ओल्या बोटाने चोळा, रंग लागला तर परत ठेवा.

आणि कुडंपुळी. काळं, धुरकट, सुरकुतलेलं फळ. 'केरळचं कोकम' म्हणून विकतात. आपलं आमसूल ते हे नव्हे. घराणं एकच, झाड वेगळं. धुरावर वाळवतात, म्हणून माशाच्या लाल कालवणात उत्तम, पण सोलकढीत घातलंत तर अख्खी कढी धुरकट होते. वापरायच्या आधी धुऊन पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. चार माणसांच्या कालवणाला दोन-तीन पाकळ्या पुरतात.

सुगरणीचा खोपा

रिक्षाचा काय अनुभव म्हणण्यापेक्षा, काय ठरवायचं?

डोलकाठी

जेट्टीबाहेर 'सगळं कोची दाखवतो, शंभर रुपये' म्हणणारा भेटेल. त्या शंभरात तीन एम्पोरियम आहेत. दुकानात ग्राहक नेला की त्याला कमिशन मिळतं, तुम्ही काही घ्या न घ्या. तुमचे तास जातात, तेही दहा ते एक मधले. 'शॉपिंग नाही, सरळ मट्टांचेरी पॅलेस' असं सांगून एका फेरीचं भाडं ठरवा. किंवा अॅपवरून बोलवा, म्हणजे वाद नाही. अंतर तीन किलोमीटरच.

२०२५ च्या ऑक्टोबरात वॉटर मेट्रोचं मट्टांचेरी टर्मिनल सुरू झालं, वाड्यापासून चालत जवळ. त्यामुळे आता गोल फेरी जमते: एर्नाकुलमहून मट्टांचेरीला उतरा, दिवसभर उत्तरेकडे सरकत फोर्ट कोचीला या, तिथून परत. मट्टांचेरीच्या फेऱ्या फोर्ट कोचीइतक्या नाहीत, आदल्या दिवशी वेळा बघून ठेवा.

व्हायपीनला (चेराई बीचकडे) जायचं असेल तर फोर्ट कोचीहून रो-रो, गाडीसकट पाच मिनिटांत पलीकडे. रो-रो दुरुस्तीला गेली तर गाडीला गोश्री पुलांवरून अख्ख्या शहराचा वळसा पडतो.

वल्हं

ड्रोन आणू नका. नौदल आणि तटरक्षक दलाच्या जागा वस्तीत मिसळलेल्या आहेत. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना आयएनएस द्रोणाचार्यच्या भिंतीपाशी कॅमेरासुद्धा खाली.

पोथीपंडित

चर्चबद्दल थोडक्यात. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवतात. तो कोचीत १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी वारला, पण अवशेष चौदा वर्षांनी लिस्बनला नेले. कबर रिकामी आहे. त्यापेक्षा भिंतींवरचे शिलालेख बघा: एका बाजूच्या भिंतीत पोर्तुगीज थडगी, समोरच्या भिंतीत डच. आणि डोक्यावर कापडी पंखे, त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात, ओढणारा बाहेर बसायचा.

सांता क्रूझ बॅसिलिका १९०५ ची. जुनं कॅथेड्रल इंग्रजांनी पाडलं, त्याचा एक ग्रॅनाइटचा खांब आवारात उभा आहे. आतली चित्रं अंतोनिओ मोस्केनी या इटालियन जेझुइट चित्रकाराची. मंगळूरचं सेंट अलॉयशियस चॅपल ज्यांनी पाहिलंय त्यांना हात ओळखू येईल. इथलं काम संपवून चर्चचं उद्घाटन व्हायच्या जरा आधीच तो वारला.

गोवेकरांसाठी: पोर्तुगीज हिंदुस्थानची राजधानी १५३० पर्यंत कोची होती, मग गोवा. जुन्या गोव्याची चर्चं बघून इकडे आलात तर ही लहान वाटतील. वाटू देत.

तुळशीवृंदावन

संध्याकाळी कथकली बघावं का? 'पर्यटकांसाठीचं' असतं ना?

मीठमिरी

असतं, आणि तरी बघावं, पण खेळाच्या वेळेला नको, तासभर आधी जा. खेळ सहाच्या सुमारास, रंगभूषा पाचला प्रेक्षकांसमोर. चेहऱ्याभोवतीची पांढरी कड (चुट्टी) तांदळाची पिठी आणि कागद यांनी उभी करतात. डोळे लाल करायला एका रानवांग्याच्या जातीचं बी पापणीखाली ठेवतात. खेळात एखादा प्रसंग कापून तासाभरात बसवलेला असतो, खरं कथकली रात्रभर चालतं. पुढच्या रांगेत बसायचं तरच हातांच्या मुद्रा दिसतात, म्हणूनही लवकर जा.

जुनापुराणा

वेली भागातला धोबीखाना कुणी लिहिला नाही. डचांनी गणवेश धुवायला तमिळ वण्णान कुटुंबं आणली, त्यांचे वंशज आजही तिथे धुतात. कपडे वाळत घालायला चिमटे नाहीत: दोन दोर एकमेकांत पिळलेले, पिळात कपड्याचं टोक खुपसायचं. इस्त्री कोळशाची, खळ तांदळाची. सकाळी आठ-नऊला जा, पावसात जाऊन उपयोग नाही. ते कामाचं ठिकाण आहे, विचारून फोटो काढा आणि इस्त्रीवाल्यांच्या वाटेत उभे राहू नका.

ओहोटी

ऋतूंचं मी लिहिते. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे घामाने जीव नको होतो, अकरा ते चार आतच बसा. जून-जुलैत गर्दी नाही, भाडी उतरलेली, पण छत्रीपेक्षा चपला महत्त्वाच्या, गल्ल्यांत पाणी साचतं.

बिएनाले म्हणजे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, दर दोन वर्षांनी, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. पहिली १२-१२-२०१२ ला उघडली. सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, दोघेही मुंबईच्या जेजेचे. एरवी बंद असणारी ॲस्पिनवॉल हाउससारखी समुद्राला पाठ लावलेली गोदामं तेव्हा आतून बघता येतात. चित्रकलेत रस नसला तरी त्या इमारतींसाठी जावं. मात्र एक पूर्ण दिवस वाढवा.

३१ डिसेंबर टाळा. कोचीन कार्निव्हलला मध्यरात्री पप्पाञीचा (सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा) मोठा पुतळा जाळतात, गर्दी अफाट, रस्ते वाहनांना बंद, आणि परतीच्या बोटीसाठी रात्री तासन् तास.

मसालेदार

आमचं विमान शुक्रवारी संध्याकाळी सातचं आहे, कोचीत फक्त शुक्रवारच हातात. आता तारीख बदलत नाही. काय करू?

ओहोटी

विमानतळ नेडुंबाश्शेरीला आहे, फोर्ट कोचीहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. दोन तास रस्त्याचे आणि दोन तास विमानतळाचे धरा, म्हणजे तीनला निघालंच पाहिजे. वाडा बंद, सिनेगॉग बेभरवशाचं. मग मट्टांचेरीत फक्त बाझार रोड आणि चेरळाई. सकाळी सातला जाळी, आठला धोबीखाना, साडेनऊला सेंट फ्रान्सिस आणि बॅसिलिका, अकराला रिक्षाने बाझार रोड. तुमची मिरी तिथे. शुक्रवारच्या नमाजाला साडेबारा ते दोन बरीच दुकानं बंद असतात, तेवढं लक्षात ठेवून साडेबाराच्या आत खरेदी उरका. जेवण चेरळाईकडे. सामान जाळ्यांवर घेऊन फिरू नका, एर्नाकुलम जंक्शनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवं, नसेल तर घेत नाहीत. पण मग दोनलाच बोटीत बसा, बॅग काढायला वेळ जातो.

मसालेदार

कुलूप आहे. आणि पाण्याचा पेला घेऊन बाझार रोडवर जातोच.